टोमॅटोच्या कन्व्हेअरसाठी कोणता कॅमेरा घ्यावा : रोलिंग शटर की ग्लोबल शटर?

पिंपळगाव बसवंत परिसरातील एखाद्या पॅकहाऊसमध्ये टोमॅटोची आकार आणि रंगानुसार प्रतवारी संगणकाकडून करून घ्यायची असेल आणि खर्च आटोक्यात ठेवायचा असेल, तर रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकाचे दोन कॅमेरे डोळ्यांसमोर येतात. 2020 मध्ये आलेल्या हाय क्वालिटी कॅमेऱ्यात सोनीचा आयएमएक्स 477 हा 12.3 मेगापिक्सेलचा सेन्सर आहे, तर 2023 मध्ये आलेल्या ग्लोबल शटर कॅमेऱ्यात आयएमएक्स 296 हा अवघ्या 1.6 मेगापिक्सेलचा. आकडे पाहून पहिल्याकडेच हात जातो. चालत्या पट्ट्यासाठी मात्र दुसराच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या कॅमेऱ्याचे शटर रोलिंग पद्धतीचे आहे, म्हणजे सेन्सरच्या ओळी एकाच वेळी नव्हे तर एकीमागून एक टिपल्या जातात. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत 20 मिलिसेकंद लागतात आणि पट्टा सेकंदाला अर्धा मीटर सरकतो असे धरले, तर तेवढ्यात फळ 10 मिलिमीटर पुढे गेलेले असते; फळाने चित्राच्या उंचीचा पाचवा हिस्सा व्यापला असेल, तर त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेत 2 मिलिमीटरचा फरक पडतो. पट्टा ओळींना समांतर धावत असेल तर गोल टोमॅटो तिरपा दिसतो, काटकोनात धावत असेल तर लांबतो किंवा आखडतो, आणि ज्या व्यासावर प्रतवारी ठरते तोच चुकतो. ग्लोबल शटरमध्ये सर्व पिक्सेल एकदमच उघडतात आणि एकदमच मिटतात, त्यामुळे हा दोष उद्भवत नाही. चित्र हलल्यामुळे येणारा धूसरपणा मात्र निराळा : 1 मिलिसेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये (सेन्सर उजेड टिपतो तेवढ्या वेळात) फळ अर्धा मिलिमीटर सरकते, ते दोन्हीकडे सारखेच.

एक्स्पोजर इतके कमी ठेवायचे म्हणजे भरपूर उजेड हवा. येथेही आयएमएक्स 296 सरस ठरतो, कारण त्याचा पिक्सेल 3.45 मायक्रॉनचा आणि दुसऱ्याचा 1.55 मायक्रॉनचा, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ पाचपट. दिवे मात्र डीसी पुरवठ्यावरचेच घ्यावेत. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, त्यामुळे रोलिंग शटरच्या चित्रात आडवे पट्टे उमटतात, तर ग्लोबल शटरमध्ये एक चित्र उजळ आणि दुसरे काळवंडलेले येते.

लेन्स दोघांनाही सारख्याच बसतात. 6 मिलिमीटरची लेन्स अर्ध्या मीटरवर लावली, तर आयएमएक्स 296 ला सुमारे 42 सेंटिमीटर रुंदी दिसते आणि एका पिक्सेलच्या वाट्याला 0.29 मिलिमीटर येते. 60 मिलिमीटरच्या टोमॅटोवर 200 हून अधिक पिक्सेल पडतात, जे आकार आणि रंगासाठी पुरेसे आहेत. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या छटेनुसार रंग जुळवून घेण्याची सोय, स्वयंचलित ठेवू नये, ही विनंती. पट्टा लाल फळांनी भरला की कॅमेरा उजेडच लालसर आहे असे समजून लाल रंग दाबतो, आणि पिकलेल्या व अर्धवट पिकलेल्या फळांतला फरक पुसट होतो.

हाय क्वालिटी कॅमेऱ्याचे खरे काम स्थिर वस्तूंवर आहे. निफाड किंवा दिंडोरीच्या बागेतले द्राक्षाचे पान टेबलावर सपाट ठेवून डाऊनी रोगाचे तेलकट डाग अगदी सुरुवातीलाच टिपायचे असतील, तर त्याच लेन्सने आणि तेवढ्याच अंतरावरून तो पिक्सेलमागे 0.13 मिलिमीटर देतो. पान हलत नसल्याने एक्स्पोजरही हवे तितके लांबवता येते. अशा कामासाठी ग्लोबल शटर घेऊ नये.