पटाशीला धार: गाईडवर लावावी की नुसत्या हाताने?

सागात सिलिका असते, त्यामुळे पटाशी आणि रंध्याचं पातं त्यावर लवकर बोथट होतं. मग धार वारंवार लावावी लागते. होनिंग गाईड, म्हणजे धार लावताना पातं एकाच कोनात धरून ठेवणारं चाकाचं साधन, घ्यायचं की नाही, हे मुळात या 'वारंवार'वरच ठरतं.

रोज काम करणारा सुतार गाईडच्या वाटेला जात नाही, आणि त्याचं बरोबर आहे. पटाशी दगडावर टेकवली, दहा-बारा हात मारले, पाठ सपाट घासून उलटलेली कड काढली, की परत कामाला. गाईडमध्ये ती कसेपर्यंत याची धार झालेली असते. पण नवख्याचं मनगट डुलतं. पात्याच्या धारेकडचा उतार फुगत जातो आणि २५ अंशांची पटाशी कधी ३५ वर गेली ते कळतही नाही. ग्राइंडरच्या चाकावर उतार किंचित खोलगट करून घेतला तर मदत होते: तो दगडावर टाच आणि टोक अशा दोन जागी टेकतो आणि कोन हाताला जाणवतो.

बाजूने आवळणारं, एका बारीक चाकाचं एक्लिप्स पद्धतीचं गाईड स्वस्त असतं, आणि माझं मत त्याच्याच बाजूने आहे. पातं जबड्याबाहेर किती काढलं यावर कोन ठरतो. पटाशी ३० मिमी बाहेर काढली तर ३० अंश, ४० मिमीला २५. रंध्याचं पातं जबड्याच्या वरच्या अंगाला बसतं, म्हणून त्याला त्याच कोनांसाठी ३८ आणि ५० मिमी लागतात. ही मापं दर वेळी पट्टीने घेऊ नका. फळीवर कडेपासून त्या-त्या अंतरावर ठोकळे चिकटवून ठेवा. गाईड फळीच्या कडेला, पातं ठोकळ्याला टेकवायचं आणि स्क्रू आवळायचा. दुखणी दोन. जाड कडेची पटाशी खाचेत नीट बसत नाही, आणि अरुंद पटाशी कलते. माझ्या दोन सुती (पाव इंची) पटाशीचं टोक असंच तिरकं झालं होतं. शिवाय चाक दगडावरच फिरतं, त्यामुळे आखूड दगडाची बरीच लांबी वाया जाते. काचेवर पॉलिशपेपर लावला तर ही अडचण नाही.

वेरिटास कंपनीच्या मार्क २ सारखं वरून दाबणारं गाईड कोनाचं माप स्वतःच्याच जोडणीने देतं. रुंद रोलरमुळे रंध्याचं पातं काटकोनात राहतं. दोन्ही स्क्रू सारखे आवळले नाहीत तर मात्र अरुंद पटाशी इथेही सरकते. किंमत कित्येक पट. निव्वळ पटाशांसाठी मी एवढे पैसे घालणार नाही.

महिन्यातून दोन रविवार काम करत असाल तर स्वस्त गाईड घ्या, रंध्याचं पातं त्यावरच ठेवा आणि एक इंची पटाशी मात्र हाताने लावून बघा. रुंद उतार दगडावर लवकर स्थिरावतो. गोल पटाशी असेल तर गाईडचा प्रश्नच नाही, ती जबड्यात धड बसत नाही.