ट्रान्झिशन ट्रेनिंग: विमान नवं, हात जुन्याच विमानाचे

छोटं विमान विकत घेणाऱ्याकडे लायसन्स बहुधा आधीपासून असतं. नसते ती त्या विमानाची सवय. सेसना १७२ वर दोनशे तास काढलेला माणूस बोनान्झा, मूनी किंवा सिरसच्या डाव्या सीटवर बसतो आणि पहिल्याच लँडिंगला कळतं की डोळे, हात, पाय सगळे अजून १७२ मध्येच आहेत. ही दरी भरून काढायला जे शिक्षण मिळतं, त्याच्या वेगवेगळ्या वाटांची ही पारख. अशा सेवांची मोठी बाजारपेठ अमेरिकेत आहे, म्हणून नियमांचे उल्लेख तिथले आहेत.

आधी कायद्याचं बघू, कारण तो फार थोडं मागतो. वजन १२,५०० पौंडांच्या आत आणि जेट इंजिन नसेल तर टाइप रेटिंग, म्हणजे त्या मॉडेलपुरता वेगळा परवाना, लागत नाही. इंजिन २०० अश्वशक्तीच्या वर असेल तर इन्स्ट्रक्टरने वहीत केलेली हाय परफॉर्मन्सची सही, चाकं आत जात असतील, शिवाय फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या खाली उतरणाऱ्या झडपा) आणि पात्यांचा कोन (पिच) बदलणारा प्रोपेलर असेल तर कॉम्प्लेक्सची सही, शेपटीला चाक असेल तर टेलव्हीलची सही. कुठल्याही जुन्या कॉम्प्लेक्स विमानावर ती सही पूर्वीच मिळाली असेल, तर आज घेतलेल्या विमानासाठी कायदा काहीच मागत नाही. मागते ती विमा कंपनी: त्याच मॉडेलवर इन्स्ट्रक्टरसोबत ५, १० किंवा २५ तास, आणि त्यानंतर प्रवासी बसवण्याआधी काही तास एकट्याने. इथेच गडबड सुरू होते. विमा तास मोजतो म्हणून बाजारही तासच विकतो.

तास विकण्याचा सर्वांत वाईट प्रकार म्हणजे विमान घरी आणतानाच ट्रेनिंग उरकणं. विक्रेत्याच्या गावाहून इन्स्ट्रक्टर बरोबर घेतला, दोन दिवसांत दहा तास उडवले, वहीत दहा तास लिहिले, विमा खूश. त्या दहा तासांतले आठ ऑटोपायलटवर सरळ रेषेत गेलेले असतात आणि लँडिंग झालेली असतात जेमतेम चार. त्यातही विमान नुकतंच कुणाकडून तरी तपासून घेतलेलं असतं, म्हणजे कुठला नट सैल राहिला असेल तर तो याच प्रवासात कळणार. फेरी फ्लाइट (विमान नुसतं घरी पोचवणं) ती फेरी फ्लाइट. ती अनुभवी माणसाकडून करून घ्यावी, आपण शेजारी बसून बघावं, आणि ट्रेनिंग आपल्या विमानतळावर वेगळं घ्यावं. ही वाट टाळावी, एवढंच आमचं मत.

कारखान्याची वाट खऱ्या अर्थाने सिरसने घालून दिली. तिथे प्रमाणित इन्स्ट्रक्टर असतात, ठरलेला अभ्यासक्रम असतो, आणि जुनं एसआर विमान विकत घेणाऱ्यालाही कंपनीच्या एम्बार्क योजनेतून ट्रान्झिशन ट्रेनिंग मोफत मिळतं. वापरलेल्या विमानाच्या गिऱ्हाइकासाठी एवढं करणारे उत्पादक विरळाच. इथे सर्वांत जमेची बाजू म्हणजे अख्ख्या विमानाला खाली उतरवणाऱ्या पॅराशूटचं शिक्षण. हँडलचं झाकण आणि पिन उड्डाणाआधी काढणं, टेकऑफनंतर ठरलेल्या उंचीला ते वापरता येईल असं मोठ्याने म्हणणं, आणि हँडल ओढायची पद्धत: आधी ते खोबणीतून काढून दोरीची ढील संपेपर्यंत खाली घ्यायचं, मग बारवर पुलअप्स मारताना धरतो तसं दोन्ही हातांनी धरून खाली खेचायचं. जुन्या एसआर२२ वर पॅराशूट उघडण्याची कमाल वेगमर्यादा १३३ नॉट, जी५ पासून पुढे १४० नॉट. हा आकडा सांगताना इन्स्ट्रक्टरने तुमचं विमान कुठल्या पिढीचं हे विचारलं नाही, तर ती धोक्याची खूण समजा.

कारण या वाटेचा कमकुवत दुवा तोच आहे. इन्स्ट्रक्टर बहुधा गार्मिन कंपनीच्या नव्या पडद्यांवर वाढलेले असतात. तुमच्याकडे अव्हिडाइन पडद्याचं किंवा त्याहून जुनं, काट्यांच्या डायलचं एसआर२२ असेल, तर दोन दिवस तोही तुमच्याबरोबर बटणं शोधत बसतो. प्रमाणपत्र खरं असतं, पण तुमच्या पॅनलचं नसतं. बुकिंग करताना पॅनलचा फोटो पाठवायचा आणि यावर किती तास शिकवलंय ते विचारायचं.

मालकांच्या क्लबांनी चालवलेले कार्यक्रम आम्हाला सर्वांत भरीव वाटतात. बोनान्झा, बॅरनसाठी अमेरिकन बोनान्झा सोसायटीचा बीपीपीपी, सिरससाठी मालक संघटनेचा सीपीपीपी, मूनीसाठी सेफ्टी फाउंडेशनचा पायलट प्रोफिशिएन्सी प्रोग्रॅम. शिकवणाऱ्यांनी त्याच घराण्याच्या विमानांत हजारो तास काढलेले असतात, आणि कुठल्या वर्षाच्या मॉडेलला काय खोड आहे हे त्यांना तोंडपाठ असतं.

खोड म्हणजे काय, ते बोनान्झावरून नीट कळतं. १९८४ च्या आधीच्या बहुतेक बोनान्झात गिअरचा (चाकं वर-खाली करण्याचा) स्विच उजवीकडे आणि फ्लॅपचा डावीकडे, म्हणजे बाकी जगाच्या उलट. धावपट्टीवर चाकं टेकली, विमान पळतंय, वैमानिक सवयीने फ्लॅप वर घ्यायला हात नेतो आणि गिअर उचलतो. स्ट्रट (चाकाचा दाबला जाणारा पाय) दबलेला असताना गिअर उचलू न देणारा सेफ्टी स्विच असतो खरा, पण पळताना पंखांवर अजून भार असतो, स्ट्रट पुरता दबलेला नसतो, आणि मग पोट जमिनीला. चांगला इन्स्ट्रक्टर यावर भाषण देत नाही. तो नियम घालतो: धावपट्टी सोडून, विमान थांबवून, स्विचला हात लावून, नाव मोठ्याने उच्चारल्याशिवाय काहीही हलवायचं नाही. आणि तीन दिवसांत एकदाही पळत्या विमानात फ्लॅपला हात गेला, की तो हात अडवतो.

दुसरी गोष्ट इंधनाची. जुन्या बोनान्झांत इंजेक्शनचं उरलेलं इंधन डाव्या टाकीत परत जातं. टाक्या काठोकाठ भरून उजवीवर सुरुवात केली, तर परतणारं इंधन डाव्या टाकीच्या व्हेंटमधून (हवेच्या नळीतून) बाहेर सांडतं. सुरुवात डावीवर करा, थोडी रिकामी झाली की उजवीवर जा. आणि टाक्या पंखाच्या पुढच्या कडेला असल्यामुळे इंधन जळेल तसा गुरुत्वमध्य मागे सरकतो. म्हणून वजनाचा हिशेब टेकऑफचा आणि लँडिंगचा, दोन्ही करायचा. निघताना मर्यादेत असलेलं विमान पोचताना बाहेर गेलेलं असू शकतं.

तिसरी, हाताने गिअर खाली करणं. पुढच्या सीटांच्या मागे हँडल असतं, साधारण ५० फेरे, घड्याळाच्या उलट दिशेने. आधी गिअर मोटरचा सर्किट ब्रेकर ओढायचा, गिअर स्विच खाली ठेवायचा, वेग कमी करायचा, मग फिरवायचं. मोटर मधेच जागी झाली तर ते हँडल बोटं तोडेल, म्हणून ब्रेकरचा क्रम चुकवायचा नाही. मागे वळून फेरे मारताना विमान कोण उडवणार? याचं उत्तर कार्यक्रमात प्रत्यक्ष करून बघायला मिळतं. ऑटोपायलट लावून, चार-पाच हजार फुटांवर, मोकळ्या आकाशात. फेरे मारून पूर्ण झाल्यावरही हँडलने गिअर परत वर घ्यायचा नाही, यंत्रणा त्यासाठी बनलेली नाही. हे नुसतं वाचलेल्या आणि एकदा केलेल्या वैमानिकात किती फरक असतो, ते पहिल्याच प्रयत्नात दिसतं. पंधराव्या फेऱ्याला उंची दोनशे फूट सरकलेली असते.

क्लबांची अडचण तारखांची. कार्यक्रम ठरावीक शनिवार-रविवारी, ठरावीक शहरात. तिथवर तुम्ही नवं विमान उडवत नेणार कसं, हा कोंबडी-अंड्याचा प्रश्न. तोड एकच: आधी स्थानिक इन्स्ट्रक्टरकडे पाया, मग क्लबला पक्कं करायला जाणं. काही क्लबांच्या इन्स्ट्रक्टरांना आपल्याकडे बोलावताही येतं. त्यांचा प्रवास आणि मुक्काम आपल्याकडे लागतो, पण आपल्याच विमानतळावर, आपल्याच वाऱ्यात शिकायला मिळतं. हा खर्च आम्हाला पटतो.

स्थानिक, स्वतंत्र इन्स्ट्रक्टर ही सर्वांत जास्त वापरली जाणारी आणि सर्वांत बेभरवशाची वाट. उत्तम माणूस मिळाला तर क्लबपेक्षा काकणभर सरस, नाहीतर दोघेही एकाच वेळी शिकताय. फोनवर विचारायचे प्रश्न मोजके. या मॉडेलवर, याच वर्षाच्या आसपासच्या विमानावर किती तास, आणि गेल्या वर्षभरात किती? उजव्या सीटला ब्रेक नसतील तर चालेल का? बऱ्याच जुन्या पायपर आणि बोनान्झात नसतात. स्टिअरिंग एकच आणि इकडून तिकडे फेकायचं असेल, तर शिकवायची परवानगी आणि तयारी आहे का? लेखी अभ्यासक्रम आहे का? शेवटच्या प्रश्नाला "आपण बघू, उडवता उडवता जमेल" असं उत्तर आलं, तर फोन नम्रपणे ठेवावा.

विम्याचा एक मुद्दा इथे हमखास निसटतो. पॉलिसीत ओपन पायलट कलम असतं, म्हणजे ठरावीक तासांचा अनुभव असलेल्या कुणालाही विमान उडवता येतं. इन्स्ट्रक्टरचा अनुभव त्या अटीत बसतो, म्हणून त्यालाही संरक्षण आहे असं दोघं धरून चालतात. ते कलम मालकाचं संरक्षण टिकवतं, इन्स्ट्रक्टरचं नाही. विमान मोडलं तर भरपाई मालकाला देऊन कंपनी इन्स्ट्रक्टरच्या मागे लागू शकते. त्याचं नाव पॉलिसीत घालून घ्या किंवा कंपनीकडून तो हक्क सोडल्याचं लेखी घ्या. जाणता इन्स्ट्रक्टर हे पहिल्याच फोनमध्ये विचारतो, आणि त्याची पारख करायला हाच प्रश्न पुरतो.

शिकवण्यात काय हवं? लँडिंग, आणि त्याहून जास्त गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं. वेगाचा हिशेब कागदावर करून. समजा पुस्तकात कमाल वजनाला, ३,६०० पौंडांना, अप्रोचचा (उतरायला येतानाचा) वेग ८० नॉट दिलाय. दोघं जण आणि अर्ध्या टाक्या घेऊन वजन २,९०० पौंड झालं, तर तोच वेग वजनाच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने घटून ७२ नॉटच्या आसपास येतो. तरीही ८० धरून आलात तर जवळपास २४ टक्के जास्तीची ऊर्जा जिरवायची आहे. मूनीत ही ऊर्जा जिरत नाही, विमान धावपट्टीवर तरंगत राहतं. कंटाळून नाक खाली ढकललं की रबरी चकत्यांचं गिअर उडी मारतं, दुसरी उडी पहिलीहून मोठी, तिसऱ्या उडीला प्रोपेलर जमिनीला. मग इंजिन खोलून तपासणी. पहिल्या मोठ्या उडीलाच पूर्ण थ्रॉटल, हे हाताला शिकवायचं असतं. सेसना १८२ ची तऱ्हा वेगळी: पुढे दोघंच बसले की नाक जड, पूर्ण फ्लॅपवर ट्रिम न करता आलात तर पुढचं चाक आधी आपटतं आणि मार इंजिनामागच्या फायरवॉलला बसतो. सामानाच्या कप्प्यात बांधलेलं थोडं वजन आणि योकवर (स्टिअरिंगवर) भरपूर मागचा ताण, एवढ्याने बरंच सुटतं.

एक सापळा चांगल्या इन्स्ट्रक्टरांकडूनही लागतो. सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीत, इंजिन बंद पडल्याचं नाटक करायला थ्रॉटल मागे घेतला जातो. चाकं वर, थ्रॉटल मागे, म्हणजे गिअरचा भोंगा वाजणारच. दहा वेळा सराव झाला की कान तो भोंगा ऐकणं सोडून देतो, आणि अकराव्या वेळी चाकं वरच राहतात. हा सराव धावपट्टीपर्यंत नेणार असाल, तर अंतिम टप्प्यावर दोघांनी वेगवेगळं बोट दाखवून गिअरचा हिरवा दिवा म्हणायचा.

पडद्यांचं शिक्षण हवेत घेऊ नये. बाहेरून वीज जोडून, जमिनीवर, दोन-तीन तास: मार्ग घालणं, अप्रोच बदलणं, ऑटोपायलट चुकीच्या मोडमध्ये गेल्यावर तो तोडणं. विमानाच्या बॅटरीवर हे केलंत तर उड्डाणाच्या वेळी इंजिन सुरू होणार नाही. सिम्युलेटर याला आणि आणीबाणीच्या सरावाला ठीक, फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) शिकायला बिनकामाचा.

घरी बांधलेल्या विमानांची गोष्ट वेगळी. एफएए या अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेच्या एसी ९०-१०९ए या मार्गदर्शक पत्रकात अनोळखी विमानं त्यांच्या वागण्यानुसार गटांत मांडली आहेत, हलकी-जास्त ओढीची (हवेचा जास्त विरोध होणारी) एका गटात, जड-कमी ओढीची दुसऱ्या. आपलं विमान कुठल्या गटातलं ते बघून त्याच गटातलं विमान शिकायला शोधता येतं. २०२१ मध्ये एफएएने मालकाला स्वतःच्या एक्सपेरिमेंटल विमानात (घरी बांधलेली याच वर्गात येतात) पैसे देऊन शिकायलाही विशेष परवानगीचं पत्र लागेल असं म्हटलं होतं. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने मालकांची त्यातून सुटका झाली. पण शिकवणारा आपलं एक्सपेरिमेंटल विमान आणि शिकवणी दोन्ही पैशाने देत असेल, तर त्याच्याकडे परवानगी आहे का ते बघायलाच हवं.

बुकिंग करताना तीन दिवसांच्या कार्यक्रमासाठी चौथा दिवस मोकळा ठेवा. नव्या विमानाचा एखादा मायक्रोस्विच नेमका तेव्हाच दगा देतो. शेवटचं उड्डाण कमाल वजनाच्या जवळ, मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेलं वजन घेऊन करा. दोघांनी अर्ध्या टाकीवर शिकलेलं विमान चौघांनी पूर्ण टाकीवर वेगळंच असतं. वहीत मॉडेल, तारीख, तास, लँडिंगची संख्या आणि इन्स्ट्रक्टरची सही असलेल्या पानाचा फोटो पहिला प्रवासी बसवायच्या आधी विमा एजंटला पाठवा, आणि त्याचं "मिळालं" हे उत्तर जपून ठेवा.