पियानोच्या पट्ट्या पुसायचं कापड, हातमोजे आणि मास्क: उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

पियानो दुरुस्तीच्या माझ्या पिशवीत गेल्या दिवाळीपासून तीन वस्तू कायमच्या आल्यात: मायक्रोफायबरची कापडं, नायट्राइलचे हातमोजे आणि एन-९५ मास्क. बडोद्याचा मे महिनाही झाला आणि पावसाळाही, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

कापडाला पैकीच्या पैकी. गाडी पुसायला मिळतात तीच. याआधी जुनं बनियन चालायचं, पण टवका उडालेल्या पट्टीत त्याचे धागे अडकतात. वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा आणि कापड इतकं घट्ट पिळायचं की थेंब गळता कामा नये. पुसायचं ते आतून आपल्याकडे. आडवा हात मारला की मळ फटीत जातो, ओल खालच्या लाकडापर्यंत पोचते. लगेच दुसरं, कोरडं कापड. आधी ५२ पांढऱ्या, मग ३६ काळ्या, आणि काळ्यांना कापड वेगळं. जुन्या काळ्या पट्ट्या रंग सोडतात. तेच कापड पांढऱ्यांवर फिरलं तर करडे ओघळ निस्तरत बसा.

करोनानंतर घरोघरी सॅनिटायझर आला आणि पट्ट्यांच्या मुळावर उठला. फतेगंजात एका आजींकडे गेलो, तर मधल्या सप्तकातल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांची चकाकी गेलेली, प्रकाशात तिरपं पाहिलं की केसासारख्या बारीक चिरा. "अहो, रोज पुसते मी सॅनिटायझरनं, नातवंडं वाजवतात ना!" म्हटलं, आजी, त्यापेक्षा नातवंडांचे हात साबणाने धुवा आणि मग बसवा.

हस्तिदंती पट्ट्यांवर हे ओलं कापडही बेतानेच. पांढऱ्या पट्टीवर पुढचा रुंद भाग आणि मागची अरुंद शेपटी यांच्यामध्ये बारीक सांधा दिसला आणि लाकडासारख्या रेषा असल्या, तर बहुधा हस्तिदंत समजा. खाली सरस असतो, पाणी मुरलं की तुकडा सुटतो. तो हरवला तर नवा मिळायचा नाही: भारतीय हस्तिदंताचा व्यापार १९८६ साली बंद झाला, आफ्रिकन हस्तिदंताचाही १९९१ साली. पिवळेपणासाठी लिंबू, टूथपेस्ट वगैरे घरगुती औषधं नकोत. झाकण सदा बंद ठेवल्यानेही हस्तिदंत पिवळा पडतो, अधूनमधून उजेड लागू द्या.

मोजे घेतले ते पट्ट्यांसाठी नाही, शिशासाठी. अनेक पियानोंत पट्टीच्या लाकडात वजनासाठी शिशाच्या गोळ्या ठोकलेल्या असतात. दमट हवेत त्यांवर पांढरी भुकटी धरते, कधी गोळी फुगून लाकूड चिरतं. ही भुकटी फुंकायची नाही, घासायची नाही. शिसं कातडीतून फारसं जात नाही. जातं ते तोंडातून आणि श्वासातून. आपल्याकडे काम अर्धवट टाकून सेव उसळ खायला जायची पद्धत! हात साबणाने धुतल्याशिवाय पावाला लावायचा नाही, मोजे असले तरी. पाचपैकी तीनच तारे देतो: उन्हाळ्यात आत घामाचं तळं होतं, पट्टीखालच्या खिळ्याला लागून फाटतात, आणि ट्यूनिंग करताना तर घालवतच नाहीत, पाना हाताला कळेनासा होतो.

मास्कला चार. पट्ट्या काढल्या की खाली नाणी, टाचण्या, कसर लागलेला फेल्ट (पट्ट्यांखालचा लोकरीचा नमदा) आणि उंदरांच्या लेंड्या. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, नाहीतर धूळ थेट छातीत. मास्क लावून ओल्या फडक्याने टिपून घेतो, उरलेली धूळ हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने. साधा व्हॅक्यूम बारीक धूळ मागून परत खोलीतच सोडतो. चष्मा असेल तर नाकावरची पट्टी नीट दाबा, नाहीतर वाफ धरते.

ऑनलाइन मागवलेल्या एका गठ्ठ्यातल्या कापडांच्या कडा इतक्या जाड शिवलेल्या होत्या की ओरखडे पडले असते. कात्रीने कापून टाकल्या. कापडं वेगळी धुवा, कपड्यांचं कंडिशनर नको, त्याने टिपायची ताकद जाते. पुढच्या वेळचे मोजे एक साइज मोठे मागवलेत, घामात निदान चटकन निघतील.