इंजिन ऑइल गळत होतं, गिअरबॉक्स उतरवायची तयारी झालेली आणि मिस्त्रीने ३०० रुपयांच्या पाइपावर काम भागवलं

गॅरेज आळेफाट्याच्या अलीकडे रस्त्याला लागून आहे, पत्र्याचं शेड आणि एक खड्डा, पाटी वगैरे काही नाही. जुन्या डिझेल पिकअपवाल्यांसाठी लिहितोय.

गाडी आप्पांची, २००८ ची. हंगामात नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून वाशी मार्केट, बाकी वर्षभर कांदा, खत, जे भाडं मिळेल ते. दिवाळीपासून ऑइल गळायला लागलं, आधी रात्रभरात दोन-चार थेंब आणि मग एका वाशी फेरीला अर्धा लिटर. आधीच्या एका गॅरेजमध्ये दाखवली तर त्याने खाली वाकून क्लच हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं कवच) तळाला बोट लावलं, बोट काळं झालं आणि लगेच सांगितलं, मागचं क्रँक सील (इंजिनच्या फिरणाऱ्या दांड्याच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणारं रबर) गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागणार, सील बदलतोय तर क्लच प्लेट पण टाकून घ्या, सगळं मिळून १४ हजार आणि गाडी ३ दिवस उभी. ऐन सीझनला ३ दिवस म्हणजे भाडी गेली, आप्पांचा तर चेहराच उतरला.

इथल्या मिस्त्रीने हात लावायच्या आधी प्रश्नच विचारले. गाडी उभी असताना गळतं का चालू असताना जास्त? घाट चढून आल्यावर वाढतं का? क्लच सटकतो का? मग म्हणाला, "दादा, थेंब पडतो तिथं लीक असतंच असं नाय. ऑइल वरनं खाली येतं आणि पंख्याच्या हवेनं मागं जातं. सगळ्यात वरची ओली जागा सापडली पायजे, खालची नाय."

आणि इंजिन एवढं माखलेलं की काहीच कळत नव्हतं, म्हणून पहिलं काम धुवायचं. अल्टरनेटर आणि स्टार्टरवर प्लास्टिक बांधलं, डिझेल मारून ब्रशने घासलं, पाण्याने धुतलं, कंप्रेसरच्या हवेने सुकवलं, यातच दोन तास गेले. मग सांध्यासांध्यावर साधी अंगाला लावायची पावडर फुंकली आणि म्हणाला २० किलोमीटर फिरवून आणा, थोडी ताणून चालवा. मी ओतूरपर्यंत जाऊन आलो.

परत आल्यावर बॅटरी घेऊन खड्ड्यात उतरलो, मलाही दाखवलं त्याने. पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ सरळ दिसत होती, अल्टरनेटरच्या मागे जो व्हॅक्यूम पंप असतो (ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम देणारा) त्याचा ऑइल परत चेंबरमध्ये (इंजिनखालची ऑइलची टाकी) नेणारा रबरी पाइप क्लिपजवळ तडकला होता, तिथून ऑइल ब्लॉकवर, ब्लॉकवरून चेंबरच्या कडेने मागे आणि शेवटी क्लच हाउसिंगच्या तळातून थेंब. हाउसिंगचं खालचं झाकण काढून आतही बघितलं, फ्लायव्हील (क्लच ज्यावर बसतो ती जड चकती) कोरडं. मागचं सील खरंच गेलं असतं तर आत सगळीकडे ऑइल उडालं असतं आणि क्लच सटकायला लागला असता, आमचा क्लच तर लोड घेऊन घाट चढतो. गिअर ऑइल पण नव्हतं, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो आणि हे डिझेल इंजिनचं काळं ऑइल होतं.

दुसरी ओली जागा टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्याला, पॅकिंग कडक होऊन चिरलेलं. पण ते बदलून लगेच मोकळा नाही झाला, आधी ब्रीदरचा (इंजिनच्या आतलं प्रेशर बाहेर सोडणारा) पाइप काढला तर आत काळा गाळ गच्च. इंजिन आयडलला ठेवून ऑइल भरायचं झाकण उलटं करून तोंडावर नुसतं ठेवलं, तर झाकण थडथड उडायला लागलं. ब्रीदर साफ करून परत ठेवलं तेव्हा बरंचसं शांत. आतलं प्रेशर बाहेर पडायला वाट नसली की ते जिथे सील-पॅकिंग कच्चं असेल तिथून ऑइल ढकलतं, म्हणजे नुसतं पॅकिंग बदललं असतं तर ते परत गळलं असतंच. साफ करूनही झाकण तसंच उडलं असतं तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगा घासल्या असं समजायचं, आणि ते काम मोठं.

बिल असं: दोन पाइप आणि क्लिपा ३००, टॅपेट पॅकिंग २५०, ऑइल दीड लिटर ६००, मजुरी ८००. १,९५० मध्ये संध्याकाळी गाडी घरी.

तक्रार म्हणाल तर पॅकिंग आळेफाट्यावरून मलाच आणावं लागलं, तो काही ठेवत नाही, आणि पक्कं बिल मिळत नाही. वेळही लागतो, घाई असणाऱ्याने जाऊ नये. त्याने स्वतःच सांगितलं की पुढच्या क्रँक सीलला थोडा ओलसरपणा आहे, आत्ता खोलू नका, पण दर शनिवारी गाडी सपाट जागी लावून ऑइलची पट्टी बघा आणि वहीत लिहा.

आता ५ आठवडे झाले, वाशीच्या ९ फेऱ्या झाल्या. पट्टीवरची रेघ जवळपास हललेली नाही, पुठ्ठा खाली टाकून ठेवतो त्यावर एक थेंब पडतो कधीतरी, तो पुढून, सीलच्या खाली. आप्पा रोज सकाळी दूध काढायच्या आधी तो पुठ्ठा बघून येतात. पुढचं सील सीझन संपला की याच्याकडेच टाकणार, ५ पैकी साडेचार.