चौकट-दर-चौकट वाचन : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

राजकीय उपहासाच्या चित्रमालिका आणि ग्राफिक कादंबऱ्या मी गेले आठ महिने दहा इंची टॅबलेटवर वाचतो आहे. छापील पुस्तक सोडण्याचे मुख्य कारण वाचनाच्या ॲपमधील ‘चौकट-दर-चौकट’ ही सोय होती. पडद्याला बोट लावले की पानावरची एकच चौकट मोठी होऊन समोर येते, पुन्हा लावले की पुढची. बारीक अक्षरांतले संवादाचे फुगे वाचताना चष्मा वरखाली करावा लागत नाही, हा लाभ मोठाच आहे. पहिल्या दोन महिन्यांत हा अनुभव लिहिला असता, तर पाचपैकी पाच तारे दिले असते. आज तीन देतो, आणि कापलेल्या दोन ताऱ्यांचा दोष यंत्राकडे थोडा, उपहासाच्या घडणीकडे अधिक जातो.

पहिली शंका जुन्या व्यंगचित्रांचा एक संग्रह वाचताना आली. फ्रान्सचा राजा लुई-फिलिप याचा चेहरा चार रेखाटनांत हळूहळू नासपती होत जातो, हे शार्ल फिलिपाँचे १८३१ सालचे प्रसिद्ध काम त्यात आहे. राजाच्या अप्रतिष्ठेच्या खटल्यात फिलिपाँने बचाव केला तोच या चित्रांच्या आधारे : पहिले चित्र राजासारखे दिसते म्हणून गुन्हा ठरत असेल, तर दुसरे पहिल्यासारखे आहे, तिसरे दुसऱ्यासारखे, आणि मग शेवटच्या फळालाही शिक्षा द्यावी लागेल. (त्याचा तुरुंगवास तरीही टळला नाही.) हा युक्तिवाद चारही चित्रे एका नजरेत आली तरच उभा राहतो. ॲपने मला आधी एक गृहस्थ दाखवला, मग गाल सुटलेला गृहस्थ, मग काहीतरी विचित्र आणि शेवटी एक नासपती. न्यायालयात चित्रे अशी दाखवली असती, तर कोणाला काही कळले असते असे वाटत नाही.

एकच मोठे चित्र असेल तेव्हा ॲप त्याचे आपल्या मनाने तुकडे करते, आणि तेथे तर कहर होतो. अमेरिकी व्यंगचित्रकार थॉमस नास्टने १८७१ मध्ये न्यूयॉर्कमधील राजकारणी ट्वीडच्या भ्रष्ट टोळीला वर्तुळात उभे केले. जनतेचा पैसा कोणी चोरला, या प्रश्नावर त्यातला प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. माझ्या पडद्यावर एक लठ्ठ माणूस उजवीकडे बोट दाखवत होता, एवढेच. वर्तुळ गेले की आरोपही गेला. मात्र चित्र दोन बोटांनी मोठे केल्यावर लाकडी ठशातील एकेक बारीक रेघ ज्या स्पष्टपणे दिसली, तशी मला छापील प्रतीत कधी दिसली नव्हती, हेही नमूद केले पाहिजे.

दैनिकातील चित्रपट्ट्यांच्या बाबतीत मात्र हीच सोय उत्तम चालते, कारण तेथे शेवटची चौकट झाकलेली असणेच हवे असते. वॉल्ट केलीच्या ‘पोगो’ या अमेरिकी पट्टीमध्ये कम्युनिस्टांच्या शोधमोहिमेसाठी कुप्रसिद्ध असलेल्या सिनेटर जोसेफ मॅकार्थीवर बेतलेला एक रानमांजर आहे. त्याचा चेहरा पुन्हा दिसला तर पट्टी बंद करू, असे प्रॉव्हिडन्सच्या एका वृत्तपत्राने बजावल्यावर केलीने १९५४ मध्ये त्या पात्राच्या डोक्यावर पिशवीच चढवली. हा प्रसंग एकेक चौकट उलगडत वाचताना मी मोठ्याने हसलो. उलट ‘डून्सबरी’ या अमेरिकी राजकीय पट्टीत व्हाइट हाउसचे बाहेरून काढलेले तेच चित्र चौकटीमागून चौकटीत येते आणि बदलतात ते फक्त संवाद; तेव्हा मला वाटले की पडदा अडकला आहे, आणि मी तीनदा बोट आपटले. ते निश्चल घर ओळीने शेजारी-शेजारी दिसले की मगच विनोद पोहोचतो.

सर्वांत जास्त हानी ‘पर्सेपोलिस’ या इराणमधील बालपणावरच्या आत्मकथनपर ग्राफिक कादंबरीत झाली. लेखिका मार्जान सात्रापी सुरुवातीलाच पहिल्या चौकटीत दहा वर्षांची, एकटी दिसते, आणि शेजारच्या चौकटीत वर्गाचे छायाचित्र आहे, ज्यात ती डाव्या टोकाला असल्यामुळे कडेला कापली गेली आहे. पानावर या दोन चौकटी लागून असल्याने कापलेली मुलगी पलीकडे बसलेली दिसते, आणि सक्तीच्या हिजाबात सगळ्या मुलींना सारखे करून टाकणाऱ्या राजवटीबद्दलचा टोमणा त्या मधल्या रेषेतच दडलेला आहे. ॲपमध्ये दुसरी चौकट आली तेव्हा पहिली नाहीशी झाली होती. मला ती मुलगी निव्वळ गैरहजर वाटली.

किरकोळ तक्रारी आणखीही आहेत. फुग्यांतली अक्षरे चित्राचाच भाग असल्याने शब्द शोधता येत नाही, आणि जुन्या राजकारणाच्या टिपा पुस्तकाच्या शेवटी असल्या तर तेथे जाऊन परत येताना जागा चुकते. बॅटरीबद्दल तक्रार नाही.

आता मी सेटिंगमध्ये ‘आधी पूर्ण पान दाखवा’ हा पर्याय सुरू ठेवला आहे. पान एकदा दुरून पाहतो, हसू आले तर तेथेच थांबतो, आणि चौकटी मोठ्या करतो त्या दुसऱ्या वाचनात. ‘पर्सेपोलिस’ मात्र पुन्हा छापील प्रतीतच वाचायला काढले आहे.