मशिनांखाली चाकं : सात-आठ महिने वापरल्यावर

माझी सुतारकामाची मशिनं, टेबल सॉ (टेबलातून वर आलेलं गोल पातं), बँडसॉ (पट्ट्यासारखं फिरणारं पातं) आणि रंधा मशीन, तिन्ही एकाच छोट्या खोलीत. चाकांशिवाय गत्यंतर नव्हतं. ढकलायला तिन्ही सोपी झाली, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही. फरक कळतो तो मशीन जागेवर थांबवल्यावर.

टेबल सॉखाली आधी साधे ब्रेकवाले कॅस्टर, म्हणजे सगळीकडे वळणारी चाकं, होते. त्यांचा ब्रेक चाक धरतो, वरची मान, म्हणजे चाक जिथे वळतं तो सांधा, मोकळीच. मोठा प्लाय रेटला की अख्खं मशीन किंचित वळायचं. बोटभरही नाही, पण पातं फिरत असताना तेवढंही अंगावर येतं. चाक आणि मान दोन्ही एकदम जाम करणारे कॅस्टर बसवले आणि ही वळवळ गेली. मशिनाची उंची मात्र वाढली, त्यामुळे मागचं आधाराचं टेबलही तेवढंच उचलावं लागलं.

बँडसॉला पायाने दाबायच्या लिव्हरची चौकट आहे. लिव्हर दाबला की मशीन चाकांवर, सोडला की रबरी पायांवर. तिघांत मला हीच सगळ्यात आवडली, कारण काम करताना वजन चाकांवर नसतंच. बँडसॉचं वजन वर आणि बूड अरुंद, म्हणून चौकट बुडापेक्षा चांगली रुंद घ्या. आणि ढकलताना हात खाली ठेवा. वरून रेटलं आणि चाकापुढे लाकडाची ढलपी आली, तर मशीन पुढे कलंडू शकतं. चाक जितकं मोठं, तितकी ही भीती कमी.

चाकांची क्षमता बघताना मशिनाचं वजन चारने नाही, तीनने भागा. फरशी कुठेच अगदी सपाट नसते, एखादं चाक अधांतरी राहतंच. म्हणजे 150 किलोच्या मशिनाला प्रत्येक चाक निदान 50 किलोचं हवं, वर थोडं राखून. मऊ रबराची चाकं एका जागी उभी राहून चपटी होतात आणि मग लंगडत चालतात; पॉलियुरेथेनची अजून गोल आहेत.

रंधा मशीन फार थरथरतं, त्याच्या चौकटीचे नट सैल होतात. नायलॉनवाले नट टाकले, तरी अधूनमधून पाना फिरवतो. मानेत भुसा साचतो, तो ब्रशने काढला की पुरतं.

लेथला (कातकामाच्या यंत्राला) मात्र चाकं लावणार नाही. त्याचा बेड, म्हणजे खालचा लांब पाया, लेव्हलमध्ये बसवायचा असतो, आणि प्रत्येक हलवाहलवीनंतर ते सगळं पहिल्यापासून कोण करणार!