शाळेसमोर सिग्नल मागायचा, की उंच झेब्रा?

गल्लीतली पंच मंडळी महापालिकेला अर्ज द्यायला बसली की पहिली मागणी ठरलेली असते, 'सिग्नल बसवा'. ती लिहायच्या आधी रस्ता कोणता ते बघा.

बेळगावातल्या राणी चन्नम्मा चौकासारख्या ठिकाणी, जिथं कोर्टाला, कचेरीला, बसला जाणारी माणसं सगळीकडून येतात, तिथं सिग्नलच हवा. पण चालणाऱ्यासाठी त्यात वेळ किती ठेवलाय ते मोजून बघा. श्रावणात मी आईबरोबर घराजवळचा एक चौक ओलांडत होतो. तिच्या एका हातात फुलांची पिशवी, दुसऱ्या हातानं निऱ्या उचललेल्या. हिरवा माणूस लागल्यावर निघालो, दुभाजक जेमतेम ओलांडला आणि तो लुकलुकायला लागला. पुढच्या फेरीला मी मोजले, 12 सेकंद. रस्ता साधारण 14 मीटर. धडधाकट माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरलं तर हे बरोबर बसतं. आई 0.8 मीटर चालते, तिला 17-18 सेकंद लागतात. अशा चौकात नवा सिग्नल मागण्यापेक्षा पाच-सहा सेकंद वाढवून मागा.

दुसरं म्हणजे फ्री लेफ्ट, म्हणजे लाल दिव्यातही डावीकडे वळायची मुभा. समोर हिरवा माणूस असतो, आणि डावीकडे वळणारी मोटारसायकल थेट अंगावर येते. फ्री लेफ्ट बंद करा, नाहीतर गाड्यांच्या आधी 3 ते 7 सेकंद माणसांना सोडा. तेवढ्यात माणूस रस्त्याच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असा पोचतो.

शाळेसमोरच्या, वस्तीतल्या दोन पदरी रस्त्याला मात्र सिग्नल नको असं मी स्पष्ट सांगेन. बटण दाबून लागणारा सिग्नल चांगला, पण गाड्या तुरळक असल्या की गाडीवाले लाल दिवा मोडून जातात, आणि पोरं हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवून पळत सुटतात. तिथं फुटपाथाच्या उंचीचा झेब्रा मागा, साधारण 15 सेंटीमीटर उंच, वर सपाट, दोन्ही बाजूंना उतार. गाडीला वेग कमी करावाच लागतो, आणि जीव वाचतो तो वेग उतरल्यानंच: 50 च्या जागी 65 च्या वेगानं मोटार धडकली तर चालणारा मरण्याचा धोका साडेचार पट होतो. वीज गेली तरी हा झेब्रा काम करतो. नुसत्या रंगाच्या पट्ट्यांवर भिस्त ठेवू नका. झेब्र्यावर माणसाला आधी वाट द्यायची हे 2017 च्या वाहनचालन नियमांत आहेच, पण पावसाळ्यानंतर पट्टे पुसले की तो नियम कुणाला आठवत नाही.

पादचारी पूल हायवेला ठीक. गावात मागू नका. गुडघे दुखणारी माणसं जिना चढत नाहीत, खालूनच जातात. शाळा सुटताना होमगार्ड उभा राहिला तर फार बरं, पण ती त्या अर्ध्या तासाची सोय.

गणपत गल्ली, खडेबाजारासारख्या बाजारपेठेत यातलं काहीच नको. तिथं फुटपाथ मोकळा झाला तरी पुरे.

सन 2022 मध्ये देशात 32,825 पादचारी रस्त्यावर जिवानिशी गेले. म्हणून अर्ज मोघम नको. टेपनं रुंदी मोजा, शाळा सुटताना 15 मिनिटांत किती पोरं रस्ता ओलांडतात ते मोजा, दोन्ही आकडे अर्जात घाला. उंच झेब्रा मागत असाल तर दोन्ही कडांना पाणी जायला पाइप हवा, हेही त्याच अर्जात लिहा. आपल्याकडच्या पावसात तो नसेल तर झेब्र्याला टेकून तळं साचेल आणि पोरं पुन्हा रस्त्यातून चालतील.